मदत हवी आहे : परिपाठाला घाबरणारी मुलगी आणि थकलेल्या मॅडम

यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषद शाळा, वर्ग सातवीपर्यंत, शिक्षक आम्ही दोघंच. सातवीतली एक मुलगी परिपाठाची घंटा झाली की पोट धरून बसते, हात गार पडतात, पाठ असलेली प्रार्थनाही तोंडातून निघत नाही. सुट्टीत मात्र लंगडी झकास खेळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं, पोटात काही नाही. त्यांनी जिल्हा रुग्णालयात न्या म्हटलं. पण कापूस वेचणी सुरू आहे, मजुरी कोण बुडवणार? वरून घरच्यांचं म्हणणं, "पोरगी येडी नाही जी माही!" टेली मानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416) फोन लावला. माझ्याशी छान बोलले, पोरगी मात्र फोनवर मुकीच. सर्वांसमोर उभं करणं बंद केलंय, त्याने थोडा फरक आहे.

सोबतच्या मॅडमही ऑनलाइन माहिती आणि बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामानं पार पिचल्यात, परवा हजेरी घेताघेताच रडल्या. (ताणमुक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण कृपया सुचवू नका, त्याचीही लिंक भरावी लागते.)

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुणी शाळेत किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बोलावलंय का? पत्र थेट द्यायचं की शिक्षण विभागाच्या केंद्रप्रमुखांमार्फत? आणि त्याच भेटीत मॅडमना ऑफिसात कळू न देता स्वतःसाठी बोलता येईल का?