शहरातल्या तळ्यावर गळ टाकायचा तर चंद्र बघावा की हवा?

रविवारचा गळकरी

नमस्कार मंडळी. गळ टाकायला लागून आठच महिने झालेत, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. चालत जाता येईल असं बागेतलं एक उथळ तळं आहे, आणि सायकलने वीस मिनिटांवर पाण्याने भरलेली जुनी दगडखाण. आठवड्यातून दोनदाच जमतं, एक सुट्टीची सकाळ आणि एक कामानंतरची संध्याकाळ. मोबाइलवर एक ॲप घेतलंय. ते चंद्र बघून दिवसाला एक ते चार माशांचं चित्र देतं, जितके मासे जास्त तितका दिवस चांगला.

गेल्या पौर्णिमेला चार मासे दाखवत होतं म्हणून पहाटे साडेचारला उठून तळ्यावर गेलो. डोळ्यांसमोर कार्प पाण्यावर तोंडं काढून पचपच करत होते, ढिगाने. माझ्या आमिषाकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. कणीक झाली, गांडूळ झालं, मक्याचे दाणे झाले. आणि मध्ये एकदा, 'एक मासा' दाखवत असताना, दुपारी चारला सहज गेलो तर तीन चांगल्या तिलापिया! ॲपवर चिडू की स्वतःवर? ऋतू, हवा, चंद्र, यातलं आधी काय बघायचं?

चांदणवेडा

पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस, रात्री दहानंतर. बाकी सगळं झूट. माझे सगळे मोठे मासे पौर्णिमेचे आहेत. तुम्ही पहाटे गेलात, तिथेच चुकलं.

काठावरचा

चुकलं पहाटेमुळेच, पण चंद्राचा त्यात हात नाही. गळकरी, दोन गोष्टी सांगा: तळ्याचं पाणी हिरवं आहे का? आणि त्याआधीचे दोन-तीन दिवस ढगाळ होते का? दोन्हीला 'हो' असेल तर ते कार्प खात नव्हते, धापा टाकत होते.

हे मी अख्खा एक उन्हाळा वाया घालवून शिकलोय. मीही चारला उठायचो, मलाही ती पचपच दिसायची, आणि आपलं आमिषच भिकार आहे असं समजून मी आमिषं बदलत बसायचो. मग एकदा बागेच्या माळ्याने सकाळी लवकर कारंजं सुरू केलं. पाच-सात मिनिटांत तळ्यातली सगळी तोंडं कारंज्याकडे वळली. पाणी जिथे फेसाळत होतं तिथे इतकी गर्दी की पाठीला पाठ घासत होती. खायला तिथे काहीही नव्हतं. हवा होती.

हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच तो वापरतं. म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या जरा आधी, आणि सगळ्यात जास्त दुपार कलताना. लागोपाठ ढगाळ दिवस गेले की दिवसाची कमाई घटते, रात्रीचा खर्च तोच राहतो. त्यात उन्हाळा. २० अंशांचं पाणी लिटरमागे फार तर ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांचं साडेसात. आणि दहा अंश वाढले की माशाची गरज साधारण दुप्पट होते. 'पहाट सर्वात उत्तम' हा सल्ला खोल, स्वच्छ, वाहत्या पाण्याचा आहे. शहरातल्या हिरव्या डबक्याला तो उन्हाळ्यात लावू नका. तुमच्या दुपारी चारच्या तिलापिया त्यामुळेच. तिलापियाला उबही आवडते. पाणी १६-१७ अंशांखाली गेलं की ती खाणं जवळजवळ सोडते.

म्हणून माझा क्रम सांगतो. आधी पाण्याचं तापमान. मग मागच्या तीन दिवसांची हवा (उद्याची नव्हे, मागची!). मग वारा. मग उजेड. चंद्र शेवटी, तोही उजेडाच्या खात्यात.

हवेच्या दाबावर लोक फार बोलतात, ते एकदा मोजून बघा. दाब १ हेक्टोपास्कल उतरणं म्हणजे माशावरचं पाणी १ सेंटिमीटरने कमी होणं. वादळापूर्वी दाब १० ने उतरला तरी मासा अर्धी वीत वर सरकला इतकाच तो फरक. तो दिवसातून शंभरदा तेवढा वर-खाली होतो. दाब उतरताना मासा खाताना दिसतो हे खरं आहे, मीही पाहिलंय. पण दाबासोबत ढग येतात, वारा येतो, उजेड मऊ होतो. मी श्रेय त्यांना देतो. दाबाचा आकडा बघायचं सोडल्यापासून माझं काहीही अडलेलं नाही.

वारा मात्र मनापासून बघा. नवखा माणूस वाऱ्याकडे पाठ करून बसतो, कारण गळ लांब जातो. सलग दोन दिवस एका बाजूने वारा वाहिला की वरचं उबदार पाणी, त्यातले किडे, तरंगणारा पाचोळा समोरच्या काठाला जमतो. लाटांमुळे ऑक्सिजनही तिकडे मिसळतो. तोंडावर वारा घेऊन बसा. गळ जवळच पडेल, पण मासाही जवळच असतो.

दगडखाणीचं गणित वेगळं, ते पुढच्या प्रतिसादात. आत्ता कामावर निघालोय.

रविवारचा गळकरी

पाणी हिरवं, अगदी मेंदीच्या लगद्यासारखं. आणि हो, तीन दिवस ढग होते, पाऊस नव्हता. मला वाईट वाटतंय आता. बिचारे श्वासासाठी धडपडत होते आणि मी त्यांच्या नाकासमोर कणीक नाचवत होतो.

पाणकोंबडी

काठावरच्यांच्या हवेच्या भागाशी सहमत, चंद्राच्या नाही. तुम्ही चंद्राला फारच लवकर निकालात काढलंत. मी कालव्यावर बसते, चंद्र डोक्यावर असतानाचा तास मला हमखास लागतो. आणि फ्रँक ब्राउन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाच्या कालवांचं काय? (कालवा नव्हे, कालवं, शिंपल्यातली.) १९५४ सालचं काम आहे. समुद्रातून काढून हजारेक मैल दूर प्रयोगशाळेत आणली, अंधारात ठेवली, तरी काही दिवसांनी ती तिथला चंद्र माथ्यावर येण्याच्या वेळेशी जुळवून उघडायला लागली.

काठावरचा

पाणकोंबडी, ब्राउनचं काम मला माहीत आहे. त्यावर तेव्हापासून वाद आहेत, ते सोडू. पण कालव हा भरती-ओहोटीत जगणारा जीव. तळ्यातल्या कार्पच्या शंभर पिढ्यांनी भरती पाहिलेली नाही.

गळकरी, तुमच्या ॲपमागची कल्पना जॉन आल्डन नाइट या अमेरिकी गळकऱ्याची. १९२६ साली त्याने ती मांडली आणि सूर्य-चंद्राच्या लॅटिन नावांवरून तिला सोल्युनर म्हटलं. चंद्र माथ्यावर आणि बरोबर पायाखाली असताना दोन मोठ्या वेळा, उगवताना-मावळताना दोन छोट्या. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून या वेळाही रोज पुढे सरकतात. कारण सांगतात भरतीचं. आता उत्तर अमेरिकेतली पंचमहासरोवरं घ्या. एवढा अवाढव्य जलाशय, तरी तिथली चंद्र-सूर्याची भरती ५ सेंटिमीटरच्या आत. बागेतल्या तळ्यात ती मोजायला निघालात तर एक बदक पोहून गेलं की हिशेब संपला.

दुसरी गंमत. सूर्य-चंद्राची ओढ पौर्णिमेला जितकी, जवळपास तितकीच अमावस्येला. म्हणजे 'पौर्णिमा भारी, अमावस्या बेकार' असं कुणी म्हणालं आणि कारण ओढीचं दिलं, तर ते जुळतच नाही. दोघींत खरा फरक फक्त चांदण्याचा. चांदण्याने फरक पडतो, ते मी मान्य करतो. नजरेने शिकार करणारे मासे चांदण्यात रात्रभर खातात आणि सकाळी सुस्तावतात, हे मला पटतं. पण ते रानातल्या पाण्यावर. शहरात चांदणं पोचतं कुठे? ऐन पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव-एक लक्स (हे उजेडाचं माप). पथदिव्याखाली दहा-वीस लक्स सहज. शिवाय ढग आले की रानात काळोख होतो आणि शहरात उजेड वाढतो, कारण ढग खालचे दिवे परत खाली फेकतात. शहरातली ढगाळ अमावस्या ही रानातल्या पौर्णिमेहून उजळ असू शकते. तुमचं ॲप हे कुठे धरतं?

म्हणून मी चंद्र सोडून खांब बघतो. तळ्याच्या पूर्वेच्या काठावर एक दिवा पाण्यावर वाकलेला आहे. त्याच्या उजेडाची पाण्यावर एक कड पडते, सुरीने कापल्यासारखी. उजेडात चिलटं पडतात, त्यांच्यामागे बोटभर मासोळी येते, आणि मोठा मासा कडेच्या अंधाऱ्या बाजूला उभा राहतो. उजेडात सहसा येत नाही. तरंगा (दोरीवरची तरंगती खूण, मासा ओढतो तेव्हा बुडते) मी उजेडात टाकतो, म्हणजे मला दिसतो, आणि हळूहळू ओढत कडेपर्यंत आणतो. कड ओलांडताना तो बुडतो. एकदा वीज गेली, चंद्र चांगला टपोरा होता, आणि अर्ध्या तासात तिथलं सगळं थंडावलं. वीज आली, चिलटं आली, मासोळी आली. चांदणवेडा, तुम्ही बसता तिथे जवळपास दिवा आहे का, ते एकदा बघाच.

आता दगडखाण. खोल पाण्यात उन्हाळ्यात थर पडतात. वर ऊन पाणी, खाली गार पाणी, दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थरातला ऑक्सिजन संपत जातो. तळाशी शिसं सोडून बसलात तर आमिष ओसाड गावात पडलंय असं समजा. तरंग्याखाली मधल्या खोलीवर ठेवा. थर कुठे आहे ते बघायला लहान बाटलीत थर्मामीटर आणि शिसं घालून दोरीने सोडा, पाच मिनिटं थांबा, वर ओढा. बाटलीत तिथलंच पाणी येतं, त्यामुळे आकडा वर येईस्तोवर बदलत नाही. मीटर-मीटर करत खाली जा. जिथे एकदम उतार दिसेल त्याच्या वर राहा. थंडीची चाहूल लागली की वरचं पाणी गार होऊन बुडतं आणि सगळं ढवळून निघतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते चार-आठ दिवस तिकडे फिरकू नका. वास गेला की मात्र मासा सगळ्या खोलीवर पसरतो आणि खाणीचे वर्षातले उत्तम दिवस येतात. ऐन थंडीत उथळ तळ्याची दुपार घ्या, दोन ते चार, ऊन खाल्लेल्या दगडी काठालगत.

पावसाबद्दल थोडक्यात. रिमझिम चांगली. कोरड्या दिवसांनंतरचा पहिला धो-धो पाऊस वाईट, कारण रस्त्यावरचं तेल, धूळ, तापलेलं पाणी, सगळं गटारातून तळ्यात येतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग नाल्याच्या तोंडाशी बसा. आणि गडगडाट ऐकू आला की रॉड खाली. रॉडचं कार्बन फायबर विजेला चांगली वाट देतं. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर निघा, शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास परतू नका. यात मासा लागतोय म्हणून सवलत नाही.

पाणकोंबडी

दिव्याचं पटलं. पण माझा 'चंद्र डोक्यावर' तास लागतो त्याचं काय? तो खोटा नाही हो.

काठावरचा

खोटा नाहीच. माझाही लागायचा. मी वही ठेवतो, त्यात मासे लिहायचो, तास लिहीत नव्हतो. तास लिहायला लागल्यावर उघडं पडलं. चांगल्या तिथीला मी चार तास बसायचो, आमिष दर वीस मिनिटांनी ताजं, डोळे तरंग्यावर. वाईट तिथीला दीड तास, तोही मोबाइल बघत. तासागणिक मासे काढले तर दोन्ही रात्री जवळपास सारख्या. तुम्ही एक करा: चंद्राची वेळ घरच्या कुणाला तरी बघायला सांगा, तुम्ही बघू नका. महिनाभर बसा, तास लिहा, मग वही आणि वेळा शेजारी ठेवा. माझं चुकलं तर इथेच कबूल करीन.

चांदणवेडा

दिवा आहे. पुलाचा. यापुढे काही बोलत नाही.

पाणकोंबडी

ठीक आहे, लेकीला कामाला लावते. पण वाकडा आकडा आला तर तुम्हाला सोडणार नाही.

रविवारचा गळकरी

सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: उन्हाळाभर तळ्याची सकाळ बंद, सकाळी खाण, तळ्यावर संध्याकाळी, दिव्याच्या कडेला.

कामानंतर आज खाणीवर जाऊन बाटलीचा प्रयोग केला. वर २९ अंश, एक मीटरवर २९, दोनवर २८. तीनवर सोडली आणि ओढली तर दोरी हलकी लागली. गाठ सुटली होती. बाटली, थर्मामीटर, शिसं, सगळं तळाशी. काठावरचे, नायलॉनच्या दोरीला तुम्ही गाठ कोणती मारता?

काठावरचा

दोरी भोकातून ओवा, स्वतःभोवती पाच-सहा पिळे द्या, टोक पहिल्या फासातून काढा, ओली करून आवळा. कोरडी आवळली की घासून नायलॉन कमजोर होतो. आणि थर्मामीटर काचेचा नको, प्लास्टिकचा घ्या. माझे दोन खाली आहेत.