मदत हवी आहे : पत्नी गरोदर, त्यात गाठीचा अहवाल. केमो आता की बाळंतपणानंतर?

खाडीकाठ (गुहागर तालुका) : पत्नीला एचआयव्ही आहे, गोळ्या नियमित चालू आहेत. काखेतील गाठ कर्करोगाची निघाली. शुक्रवारपर्यंत निर्णय कळवायचा आहे. कृपया लवकर सांगावे.

आंबेवाडी : कोणता कर्करोग, कितवा आठवडा आणि कोणत्या गोळ्या? एचआयव्हीमुळे कापोसी सार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग), नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा धोका वाढतो. पण तिन्हींचे उपचार निराळे आहेत.

सुरंगी : माझ्या जावेला सातव्या महिन्यात स्तनाच्या कर्करोगासाठी केमो दिली होती, मुलगी आता शाळेत जाते. वेळ न दवडता परळला टाटा रुग्णालयात जावे.

आंबेवाडी : जावेचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

सुरंगी : धीर तर मिळतो ना!

माडबन : बाळाला अंगावर पाजायचे की नाही, हे आधी ठरवा. केमो चालू असताना पाजत नाहीत.

खाडीकाठ : ते अजून कोणी विचारलेले नाही. बाविसावा आठवडा आहे, अहवालात डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा लिहिले आहे. गोळी रोज रात्री एकच. नाव सांगता येत नाही, कारण आईने वाचू नये म्हणून बाटलीवरचे लेबल मीच नखाने खरवडले आहे. कर्करोगाच्या डॉक्टरांना एचआयव्हीचे सांगितलेले नाही. त्यांचा कंपाउंडर आमच्याच वाडीतला आहे.

आंबेवाडी : मग खरी अडचण ही आहे. पहिले तीन महिने केमो शक्यतो टाळतात, त्यानंतर या नॉन-हॉजकिन प्रकारच्या लिम्फोमासाठी ती देता येते आणि प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधी थांबवतात, म्हणजे रक्तपेशी सावरतात. मात्र एचआयव्हीच्या गोळ्यांत रिटोनाविर असेल तर केमोतील व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचून नसांना इजा होते, आणि झिडोव्हुडिन असेल तर केमोने आधीच घटलेले रक्त आणखी घटते. डॉक्टरांना ठाऊकच नसेल तर ते औषधे जुळवणार कशी? म्हणून लपवण्यासाठी गोळी मात्र बंद करू नका, बाळाचे संरक्षण तिच्यावरच आहे. संमतीवाचून एचआयव्हीची माहिती उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे, आणि ती कंपाउंडरलाही लागू आहे.

खाडीकाठ : एआरटी केंद्राचे (जिथून एचआयव्हीची औषधे मिळतात) पुस्तक तांदळाच्या डब्यामागे सापडले. त्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर आहेत. शुक्रवारी पुस्तक आणि अहवाल दोन्ही नेतो. कंपाउंडरला बाहेर थांबवा, असे डॉक्टरांना म्हणता येते का?

सुरंगी : येते. आत गेल्याबरोबर म्हणा.