शब्दचर्चा: महाकाय प्राण्याच्या चित्रपटाची 'उत्सुकता', 'उत्कंठा' की 'धाकधूक'?

चर्चाप्रस्ताव

दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांचा 'गॉडझिला मायनस झीरो' ३ नोव्हेंबर २०२६ रोजी जपानमध्ये प्रदर्शित होणार आहे. २०२३ च्या 'मायनस वन'चा हा पुढचा भाग. तारीखही मुद्दाम निवडलेली. १९५४ साली इशिरो होंडा यांचा पहिला गोजिरा (गॉडझिलाचं मूळ जपानी नाव) याच दिवशी पडद्यावर आला होता आणि चाहत्यांसाठी हा गॉडझिलाचा दिवस. माझं चित्त आतापासूनच थाऱ्यावर नाही.

या वाट पाहण्यावर मराठीत नीट लिहायचं मनात आहे, पण पहिल्याच वाक्यात अडतंय. 'चाहत्यांची उत्सुकता शिगेला पोहोचली आहे' हे वाक्य हाताशी तयारच असतं, प्रत्येक चित्रपटाच्या बातमीत तेच असतं. पण शहरं तुडवत जाणारं पन्नास मीटर उंचीचं काहीतरी पुन्हा दिसणार म्हणून मनात जे होतं ते 'उत्सुकते'त मावत नाही. त्यात ओढ आहे, भीती आहे, आणि यावेळी तो कसा दिसेल याची काळजीही आहे. याला कोणता शब्द द्यावा? शिवाय ज्याची वाट पाहतोय त्याला मराठीत काय म्हणावं? 'राक्षस' लिहिताना हात थांबतो. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. उत्सुकतेत जाणून घेण्याची इच्छा मुख्य. नव्या चित्रपटाची गोष्ट कोणत्या काळात घडते, कोण परत येतं, एवढं कळलं की ती भागते. कुतूहल तिच्याही अलीकडचं. ते अगदी अनोळखी गोष्टीबद्दलही वाटतं. आतुरतेत मात्र जीव गुंतलेला असतो. संस्कृतात आतुर म्हणजे आजारी, पीडित. आयुर्वेदाच्या ग्रंथांत रुग्णाला आतुरच म्हटलं आहे. मराठीत येताना दुखणं गळून पडलं, तळमळ राहिली. म्हणून 'भेटीसाठी आतुर' शोभतं आणि 'चित्रपटाची लांबी किती हे कळायला आतुर' खटकतं.

तुम्हाला हवा असलेला शब्द माझ्या मते 'उत्कंठा'. उद् अधिक कंठ, म्हणजे मान वर झालेली अवस्था. महाकाय प्राण्यांच्या चित्रपटांना हा शब्द जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कुठल्या प्रकाराला पडत असेल असं मला वाटत नाही. १९५४ चा चित्रपट आठवा. सुरुवातीला नुसत्या खुणा आहेत: बुडालेली जहाजं, वादळी रात्री मोडलेली घरं, जमिनीत उमटलेला किरणोत्सारी पाऊलठसा आणि त्या ठशात सापडलेला, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला त्रिलोबाइट हा सागरी जीव. मग ओदो बेटावरचे लोक टेकडीवर धावतात आणि कड्यापलीकडून आधी फक्त डोकं वर येतं. पडद्यावरच्या लोकांची मान वर, प्रेक्षकाचीही वर. पुढे २०१४ च्या हॉलिवूडच्या 'गॉडझिला'त दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स यांनीही त्याला असाच बराच वेळ झाकून ठेवला होता. अख्खं शरीर दिसण्याआधीचा काळ हीच या प्रकाराची खरी कमाई आहे. प्रदर्शनापूर्वीच्या महिन्यांत चाहता जे भोगतो ते चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासाचंच लांबलेलं रूप असतं. त्याला उत्कंठा म्हणा, बिनधास्त म्हणा.

'यावेळी कसा दिसेल' ही जी काळजी तुम्ही म्हणता, ती 'धाकधूक'. 'मायनस वन'ला मार्च २०२४ मध्ये दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळालं. गॉडझिलाच्या एवढ्या वर्षांच्या प्रवासातलं ते पहिलंच. एवढ्या उंचीवरून पुढचं पाऊल टाकायचं म्हटल्यावर धाकधूक वाटणारच. 'भीती' लिहू नका, भीतीत वाईटच होणार असं गृहीत धरलेलं असतं. धाकधुकीत पारडं कुठेही झुकू शकतं.

'हुरहूर' कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, तो शब्द इथला नाही. हुरहुरीला काहीतरी निसटून चालल्याची जाणीव लागते. १९९५ साली तोहो या गॉडझिलाच्या जपानी निर्मितीसंस्थेने गॉडझिला मरणार हे जाहिरातीतच सांगून टाकलं होतं. त्या चित्रपटाची वाट पाहणाऱ्यांना जे वाटलं असेल ती हुरहूर.

प्रतिसाद

'शिगेला पोहोचणे' या बिचाऱ्या वाक्प्रचाराची बाजू मांडतो. शीग म्हणजे धान्य मापताना मापाच्या काठावर चढणारा निमुळता ढीग. आधी माप काठोकाठ भरतं, मग शीग चढते, आणि त्यानंतर टाकलेला प्रत्येक दाणा घरंगळून खाली येतो. नुसत्या नावाची घोषणा झाली त्या दिवशीच उत्सुकता शिगेला नेऊन ठेवली तर प्रदर्शनाच्या आठवड्यात तिला कुठे नेणार? तोवर ती 'वाढते', 'दाटते', 'जोर धरते' असं लिहावं. शेवटच्या आठवड्यासाठी शीग राखून ठेवावी.

प्रतिसाद

आता त्या प्राण्याच्या नावाकडे येऊ. 'राक्षस' लिहिताना हात थांबतो हे अगदी बरोबर आहे, आणि तो का थांबतो हे सांगायला हवं. आपल्या परंपरेतल्या राक्षसाला कुळ आहे, वाणी आहे, इच्छा आहेत. रावण विद्वान आहे, बिभीषण न्यायी आहे, घटोत्कच पांडवांच्या बाजूने लढून मरतो. राक्षसाशी बोलता येतं, त्याला वर मिळतो, शाप मिळतो, त्याच्या हातून पाप घडतं. गोजिराला यातलं काहीच लागू नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा चित्रपट आला. त्यातला प्राणी बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला आहे. त्याला राक्षस म्हटलं की दोष त्याच्या माथी जातो. तो दोष बॉम्बचा आहे, आणि मराठी शब्दाने तो पुसून टाकू नये असं मला फार वाटतं.

जपानी शब्द 'काइजू'. 'काइ' म्हणजे विलक्षण, गूढ आणि 'जू' म्हणजे पशू. म्हणजे त्यांच्या शब्दातही तो पशूच आहे. २०१३ मध्ये गिलेर्मो देल तोरो यांनी 'पॅसिफिक रिम'च्या सुरुवातीलाच या शब्दाची व्याख्या पडद्यावर दिली आणि जपानबाहेरच्या पुष्कळ प्रेक्षकांच्या तोंडी तो बसला. माझं मत, काइजू तसाच ठेवावा. फोड करून सांगायचीच असेल तर 'महाकाय श्वापद'. 'श्वापद' या शब्दात जंगलाची, शिकारीची दहशत आहे. 'प्राणी' त्यामानाने फारच पाठ्यपुस्तकी.

हॉलिवूडच्या मालिकेत २०१९ पासून 'टायटन' हा शब्द रूढ झाला. ग्रीक पुराणातले टायटन हे ऑलिंपसवरच्या देवांच्या आधीचे. आपल्याकडे याला 'दैत्य' जवळचा आहे. अमरकोशात दैत्यांच्या नावांत 'पूर्वदेव' असंही एक नाव दिलं आहे, म्हणजे आधीचे देव! टायटनला याहून चपखल शब्द मला माहीत नाही. कुणी एखाद्या लेखात वापरून पाहावा.

प्रतिसाद

'भस्मासुर' कसा वाटतो? ज्याने वर दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघालेला. माणसाने अणुशक्ती जागवली आणि ती त्याच्यावर उलटली, हीच तर गोष्ट आहे.

प्रतिसाद

मथळ्यात जरूर वापरा, अर्थ लगेच पोहोचेल. पण प्राण्याचं नाव म्हणून नको. भस्मासुर लबाड आहे, आणि मोहिनीच्या नाचात फसून संपणारा आहे. १९५४ च्या गोजिरात कपट अजिबात नाही, तो नुसता येतो. तेच तर भयंकर आहे.

विशेषणांबद्दलही थोडं. 'अगडबंब' नको, त्याला विनोदी वास आहे. 'धिप्पाड' माणसाला शोभतं. 'अक्राळविक्राळ' रूपाबद्दल आहे, आकाराबद्दल नाही, त्यामुळे चेहरा जवळून दाखवणाऱ्या प्रसंगाला ते योग्य. 'अजस्र' मला सर्वांत आवडतं (अजस्त्र नव्हे, तो त घुसडलेला आहे). संस्कृतात अजस्र म्हणजे न थांबणारं, अखंड. मराठीत त्याचा अर्थ अवाढव्य असा झाला. या प्राण्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदम खरे ठरतात. तो प्रचंड आहे आणि तोफा लागल्या तरी चालायचा थांबत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. उत्कंठा आणि धाकधूक दोन्ही घेतो, काइजूही घेतो. आता लिंगाचा प्रश्न. गॉडझिला आला, आली की आलं? इंग्रजीत सोय आहे, तिथे क्रियापद बदलत नाही. मराठीत एक वाक्यही लिंग ठरवल्याशिवाय पुढे सरकत नाही.

प्रतिसाद

'आला' लिहा. मराठीत आकारान्त नाम सहसा पुल्लिंगी वाटतं आणि चाहत्यांच्या बोलण्यातही तो 'तो'च आहे. मॉथ्रा, म्हणजे याच चित्रपटांतला महाकाय पतंग, मात्र 'ती'. तिच्या गोष्टींतच ती मादी आहे, अंडी घालते. विभक्ती लावताना गॉडझिलाने, मॉथ्राने असंच ठेवावं. 'गॉडझिल्याने' केलं तर तो ओळखीचा कुणी गडी वाटू लागतो. काइजूचं लिंगही पुल्लिंगच बरं. 'लाडू'सारखा चालवला की एक काइजू, दहा काइजू, अनेकवचनाचा त्रास नाही. नपुंसकलिंगी केलात तर तो वासरू-पाखरूच्या रांगेत जाऊन बसतो आणि सगळी जरब जाते.

मूळ नावाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानीत तो गोजिरा: 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा यांचा जोड. आणि मराठीत गोजिरा म्हणजे लोभस! उच्चार जवळजवळ तोच. मला हा योगायोग मनापासून आवडतो, कारण इतक्या वर्षांच्या चाहत्याला तो खरोखरच गोजिरा वाटू लागलेला असतो. लेखात पहिल्यांदा नाव येईल तिथे 'गोजिरा (आपल्याकडे गॉडझिला)' असं लिहिलंत तर वाचकही तिथे क्षणभर थबकेल.

प्रतिसाद

शीर्षकाचं काय करणार? 'मायनस झीरो'.

प्रतिसाद

यावर बराच विचार केला आहे. मराठीत मायनसला तीन शब्द आहेत: वजा, उणे, ऋण. 'वजा' ही कृती आहे. हिशेबातून कुणीतरी काहीतरी काढून घेतं. 'उणे' ही स्थिती; उणीव त्याच घरातली. तापमान उणे पाच असतं, वजा पाच म्हटलं तर कानाला कसंतरीच लागतं. 'मायनस वन'मागची कल्पना अशी होती की युद्धाने जपान शून्यावर आला आणि गॉडझिलाने त्याला शून्याच्याही खाली ढकललं. ही स्थितीच आहे, म्हणून 'उणे एक'. पण त्या चित्रपटाला 'ऋण एक'ही विलक्षण लागू पडतं. त्याचा नायक आत्मघाती हल्ल्यासाठी निघालेला आणि जिवंत राहिलेला वैमानिक आहे. मेलेल्यांचं देणं तो शेवटपर्यंत वागवतो. ऋण म्हणजे शून्याखालची संख्याही आणि कर्जही. हा दुहेरी अर्थ जपानी शीर्षकात नाही, मराठीने तो फुकटात दिला असता.

नव्या चित्रपटाचं जपानी शीर्षक आकड्यांत आहे: गोजिरा -०.०. गणितात उणे शून्य आणि शून्य एकच. संगणकाच्या अंकगणितात मात्र उणे शून्य चिन्हासकट वेगळं साठवलं जातं. माझा तर्क असा की खालून वर येत येत शून्याला टेकलेली, पण चिन्ह अजून न पुसलेली अवस्था त्यांना सांगायची असावी. चित्रपट आल्यावर कळेल. तोवर 'उणे शून्य' हेच भाषांतर धरावं. 'ऋण शून्य' म्हटलं तर कर्ज फिटलं असा भलताच अर्थ निघतो.

प्रतिसाद

'हाइप'ला 'हवा' हा शब्द उत्तम आहे. 'चित्रपटाची हवा आहे', 'हवा केली आहे', दोन्ही रूढ आहेत, आणि दुसऱ्यात ती कुणीतरी मुद्दाम केल्याचं कळतं. गाजावाजा कंपनी करते, उत्कंठा चाहत्याची असते; लेखात हा भेद सांभाळावा. फुटलेली छायाचित्रं शोधत फिरणाऱ्यांना 'आतुर' म्हणू नये, ते 'उतावीळ'. आणि स्पॉयलरसाठी 'गोष्ट फोडणे' पुरेसं आहे.

धागाकर्ता

शेवटचं एक विचारतो. झलक आली की सगळे आधी त्याच्या आवाजाकडे कान लावतात. त्याला डरकाळी म्हणावं का गर्जना?

प्रतिसाद

डरकाळी वाघाची, गर्जना सिंहाची नि मेघांची, चीत्कार हत्तीचा, फूत्कार नागाचा. गोजिराचा आवाज यातल्या कुणाचाच नाही, कारण तो प्राण्याच्या गळ्यातून आलेलाच नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी कॉन्ट्राबास या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढवला आणि ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून तो आवाज घडवला. पहिल्या भागात धातू फाटल्यासारखी किंचाळी असते, मग तो खाली उतरत घुमत जातो. 'गर्जने'त नुसता दरारा येतो, वेदना येत नाही, आणि या आवाजात वेदना आहे. मी 'चीत्कार' लिहीन. हत्तीच्या चीत्कारात प्रचंड देह आणि त्या देहाला झालेली इजा दोन्ही ऐकू येतात. अगदी दूरवरून, इमारतींपलीकडून ऐकू येणाऱ्या प्रसंगाला 'गर्जना' चालेल, तिथे आवाजाच्या शेवटचा खालचा घुमारच कानावर पडतो.