चिनी कंपनीची मुलगी ‘येस’ म्हणते, म्हणजे मोटर हाय का नाही?

वरूडचा संत्रावाला
आम्ही काही शेतकरी मिळून संत्र्याचं ग्रेडिंग-वॅक्सिंग मशीन चीनहून मागवतो. तिकडची मुलगी चॅटवर इंग्रजीत लिहिते. ‘यस्टरडे आय सेंड कोटेशन’ म्हणते. त्याच मॅनेजरले कधी ‘ही’, कधी ‘शी’. म्या विचारलं, ‘मोटर नॉट इन्क्लुडेड?’ तं ‘येस’. पण कोटेशनमधी मोटर दिसत नाही. फसवणूक तं नाही ना? आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी सुरू व्हायच्या आत मशीन पाहिजे.

आर्वीची इंग्रजीची बाई
भाऊ, एवढ्यावरून त्या मुलीवर संशय घेऊ नका. तिचं ‘येस’ म्हणजे ‘हो, मोटर नाही’. तुम्ही म्हणालात ते बरोबर, एवढंच चिनीत तो होकार सांगतो. आपणही ‘आज शाळा नाही का?’ला ‘हो, नाही’ म्हणतोच की. इंग्रजीत मात्र तिथं ‘नो’ लागतो. नकारार्थी विचारूच नका. ‘मोटर इन्क्लुडेड ऑर नॉट?’ असं विचारा आणि पूर्ण वाक्यात उत्तर मागा.

‘ही-शी’चं कारण साधं आहे. चिनीत तो आणि ती दोघांचा उच्चार ‘था’च, फक्त लिहायची अक्षरं वेगळी. क्रियापदही काळाप्रमाणे बदलत नाही. काल, उद्या असे शब्द काळ सांगतात. म्हणून पाठवलं की पाठवणार, हे तारखेनिशी विचारा. माझी मुलं ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ घालतात, कारण आपलं जरी-तरी. चिनीतही तशीच जोडी असल्यामुळे तिकडची मुलंही नेमकी तिथंच चुकतात. चूक शिकणाऱ्याच्या भाषेतून येते, त्याच्या हेतूतून नाही. हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

दारव्हा, कापूस-सोयाबीन
रक्कम अंकातच लिहून घ्या. आपण लाखात मोजतो, ते ‘वान’मध्ये, म्हणजे १०,००० मध्ये. त्यांचे १२ वान म्हणजे १,२०,०००. इंग्रजीत सांगताना एखादं शून्य सहज इकडंतिकडं होते.

वरूडचा संत्रावाला
बाई, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. तिनं लगेच लिहिलं, ‘मोटर इज नॉट इन्क्लुडेड, यू बाय सेपरेट.’ संशय घेतला त्याचं वाईट वाटलं. आता सांगा, तिकडं थ्री फेज ३८० व्होल्ट, आपल्याकडं ४१५. मोटर अमरावतीहूनच घ्यावी का?