जर्मन ग्रुपसोबत बालनाट्य करायचंय, सुरुवात कुठून करू?

पडद्यामागची (सांगली):
आमची बारा जणांची हौशी संस्था. शाळेच्या हॉलमध्ये सहानंतर तालमी, कारण तोवर क्लास असतात. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या एका छोट्या नाट्यगटाची मेल आली: दोन आठवडे तुमच्याकडे येतो, मिळून नाटक बसवू, मग तुम्ही आमच्याकडे या. थोडे पैसे संस्थेच्या खात्यावर पाठवतो म्हणतात. अध्यक्षकाका पासपोर्टचे फोटोसुद्धा काढून आले! कुणी केलंय का असं काही?

विंगेतला काका:
ताई, खात्यावर पैसे मागवू नका. परदेशी देणगीला एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा केंद्राचा कायदा) खाली नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी लागते, आणि २०२१पासून ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. त्यापेक्षा त्यांची तिकिटं त्यांनी काढावीत, राहणं-जेवण तुम्ही बघा.

आता मुद्द्याचं. पुण्यात थिएटर अकादमीने १९८६मध्ये बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची धाटणी मराठीत आणली. पुढाकार डॉ. मोहन आगाशे यांचा, साथ मॅक्सम्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राची. राजाराणी नाही, परी नाही. घरातल्या-शाळेतल्या कटकटी, आणि मुलांची कामं मोठी माणसं करणार. दाढीचे खुंट दिसणारा नट हाफ चड्डीत रुसून बसला, तर शेजारी बसलेली माझी भाची त्याला समजावायला खुर्चीवर उभी राहिली! मूळ नाटक जर्मन, पण पोरं आपल्या सोसायटीतली वाटायची, कारण नुसतं भाषांतर नव्हतं, रूपांतर होतं. म्हणून आधी सांगा, तुमच्याकडे लिहिणार कोण?

तिसरीघंटा:
काकांना +१. आम्ही बाहेर प्रयोग केला तेव्हा रंगमंचाच्या वर एका पट्टीवर संवादांची इंग्रजी वाक्यं दिसायची. टाळी पडली म्हणून आमच्या एका नटाने पदरची दोन वाक्यं टाकली. ती वाक्यं पुढे सरकवायला बटण दाबणारी मुलगी तिथलीच, मराठीचा गंध नाही. मग आई रडतेय आणि वर बापाचा विनोद! बटणावर आपलाच माणूस बसवा. आणि नेपथ्य, वाद्यं नेणार असाल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने (सामान तात्पुरतं बाहेर नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद) करून घ्या, नाहीतर कस्टमला ढोलकीची किंमत समजावत बसाल.

पडद्यामागची:
पैशांचं आजच कळवते. लिहिणार कोण, हे आमच्यात कुणी बोललंच नव्हतं; शनिवारी तालमीला विचारते. काका, एफसीआरएचं अध्यक्षांना फोनवर तुम्हीच सांगाल का? माझं ऐकणार नाहीत ते.