'सी स्लग'ला मराठीत काय म्हणावं?

सातरस्ता: पुतणी मालवणहून फोटो घेऊन आलीय. खडकातल्या डबक्यात बोटभर, जांभळट, लिबलिबीत जीव. 'सी स्लग' म्हणे. तक्त्यावर 'समुद्री गोगलगाय' लिहिलं, तर बाई म्हणाल्या गोगलगायीला शंख असतो. सोलापुरात समुद्र कुठला, विचारायचं कुणाला?

बार्शीकर: आमच्याकडं सोयाबीनचा फडशा पाडते तिला 'शंखी गोगलगाय' म्हणतात. सगळ्याच शंखवाल्या असत्या तर 'शंखी' कशाला म्हटलं असतं? सांगा की बाईंना. आणि 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही आपली म्हण. 'गॅस्ट्रोपोडा'चा ग्रीक अर्थही तोच, पोट-पाय. पुस्तकातलं 'उदरपाद' म्हणजे त्याच म्हणीला नेसवलेलं सोवळं.

विजापूरवेस: 'समुद्री गोगलगाय' चालेल, पण ते कुळाचं नाव समजू नका. गावात दहा घरं पाटलांची असली म्हणून सगळी एका भावकीतली नसतात, तसं आहे हे. शंख टाकून देणं या जीवांमध्ये वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे, अनेकदा घडलंय. बऱ्याच जणांच्या पिल्लांना अळी असताना शंख असतो, मोठेपणी तो गळून जातो.

१८४८ मध्ये मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं 'ओपिस्थोब्रँकिया' हा गट केला, म्हणजे हृदयाच्या मागं कल्ले असलेले. दीडशे वर्षं तो पुस्तकांत राहिला. मग डीएनए तपासले आणि भावकी फुटली. 'सागरी ससा' म्हणतात तो ॲप्लिसिया आणि शेवाळाचा रस शोषणारे सॅकोग्लोसा हे बागेतल्या गोगलगायीच्या जास्त जवळचे निघाले. न्यूडिब्रँक, म्हणजे उघड्या कल्ल्यांचे, ते वेगळ्या फांदीवर. त्यामुळं 'ओपिस्थोब्रँकिया'चा 'पश्चक्लोमी' (क्लोम म्हणजे कल्ला) हा जुना प्रतिशब्द आता कुळाचं नाव म्हणून वापरू नये. (सॅकोग्लोसातले काही शेवाळातलं हरितद्रव्याचं यंत्रच चोरून अंगात ठेवतात. असले चोर आमच्या वेशीतही नाहीत.)

बार्शीकर: एकाच पूर्वजापासूनच्या गटाला इंग्रजीत 'मोनोफायलेटिक' म्हणतात, त्याला 'एका भावकीचा' म्हणायला काय हरकत आहे? पोरांना लगेच कळेल.

विजापूरवेस: अर्धवट. एका पूर्वजाची *सगळी* लेकरं घेतली तरच तो शब्द लागू. दत्तक गेलेला पोरगा वगळला की बिघडलं. 'ओपिस्थोब्रँकिया'चं हेच झालं, जमिनीवर गेलेली लेकरं बाहेर ठेवली होती.

सातरस्ता: आणि 'न्यूडिब्रँक'ला? 'नग्नक्लोम' लिहिलं तर वर्ग हसून लोळेल ओ.

विजापूरवेस: 'उघडकल्ली' लिहा. आधी फोटो बघून सांगा, मागच्या टोकाला फुलासारखा तुरा आहे का? तेच कल्ले, गुदद्वाराभोवती असतात. पाठभर बोटांसारखे कोंब असतील तर प्रकार दुसरा, पण तोही बहुतेक उघडकल्लीच.

सातरस्ता: तुरा आहे, मागंच. पुढं दोन शिंगंही आहेत.

विजापूरवेस: शिंगं वास घ्यायची. कल्ले कुठं असतात ते मात्र बाईंना तुम्हीच सांगा.