हवेवर झकास पळतं, वाफेवर आखडतं: किटची चॅसी आणि जुना बॉयलर

रूळ३२

वाफेवर चालणारं १:१९ स्केलचं छोटं रेल्वे इंजिन जुळवतोय, ३२ मिमी गेजच्या (रुळांमधल्या अंतराच्या) रुळांवरचं, ०-४-० म्हणजे चारच चाकांचं. चॅसी किटमधली आहे. बाहेर दोन सिलिंडर, बोअर १२ मिमी, स्ट्रोक १६ मिमी, स्लाइड व्हॉल्व्ह (वाफ आत-बाहेर सोडणारे सपाट, सरकते), ते हलवायला स्लिप एक्सेंट्रिक, चाकं ३२ मिमी व्यासाची. बॉयलर दुसऱ्या एका जुन्या इंजिनावरचा आहे: तांब्याचा, बाहेरून ५० मिमी, पत्रा दीड मिमी, आत २२ मिमीचा एकच फ्लू (ज्योत जाते ती नळी), काठोकाठ भरला तर १८० मिली पाणी मावतं. गॅसची टाकी ४० मिलीची आणि बर्नरही त्याच इंजिनाचा. किटमधले पिस्टन झिजलेले होते म्हणून टेफ्लॉनच्या सळईतून नवे कातले, बोअरमध्ये अगदी चपखल बसतात.

एक बार दाबाच्या हवेवर इंजिन दहा-पंधरा मिनिटं मजेत फिरतं, दोन्ही दिशांना. वाफेवर मात्र सुरुवातीला धुराड्यातून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात, मग जेमतेम तीन-चार मिनिटं चालतं आणि आखडतं. तेव्हा चाकं हातानेही फिरत नाहीत. गार झालं की पुन्हा मोकळं. शिवाय बर्नर सारखा किंचाळतो. व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) पुन्हा लावू का?

तांबेकाम

टायमिंगला सध्या हात लावू नका. हवेवर दोन्ही दिशांना सारखं फिरतंय म्हणजे ते बऱ्यापैकी बरोबर आहे.

आधी एक सांगा, या बॉयलरची पाण्याने दाबचाचणी झाली आहे का? झाली नसेल तर ती होईपर्यंत बर्नर पेटवू नका. तुमच्या मापाच्या बॉयलरला २.८ बार, म्हणजे ४० पीएसआय, हा नेहमीचा कामाचा दाब. दीड मिमीच्या पत्र्याला तो काहीच नाही. जुना बॉयलर पत्र्यात फाटत नाही, तो सांध्यात आणि बुशापाशी (जोडण्या बसवायच्या आटेदार कड्यांपाशी) दगा देतो. पितळी बुश असतील तर गरम पाण्यात वर्षानुवर्षं त्यातलं जस्त निघून जातं, आत गुलाबी, सच्छिद्र तांबं उरतं आणि आटे हातात येतात. बुश ब्राँझचे किंवा गनमेटलचे हवेत.

चाचणी अशी करा. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे बूच लावा, बाकीची भोकंही बंद करा, एकाला हातपंप आणि दाब दाखवणारा खात्रीचा गेज. बॉयलर पाण्याने गच्च भरा, हलवून, तिरपा करून हवेचा शेवटचा बुडबुडाही काढा. पहिल्या चाचणीला कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे ५.६ बार, आणि दहा मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. या चाचणीला हवा वापरायची नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर पाणी नुसतं पाझरतं. दाबलेली हवा सुटली तर तुकडे उडतात. टाकीतल्या गॅसच्या जोडण्यांना वेगळं, साबणाचं पाणी लावून पाहा.

सांधे साध्या शिशाच्या सोल्डरचे आहेत का तेही बघा. ते १८५ अंशांच्या आसपास वितळतं. २.८ बारची वाफ १४० अंशांची, म्हणजे कागदावर फरक पुरेसा दिसतो. पण पाणी फ्लूच्या खाली गेलं की फ्लूचं तापमान काही सेकंदांत त्यापलीकडे जातं. फ्लूचे सांधे सिल्व्हर सोल्डरचेच हवेत, ते खूप जास्त तापमानाला वितळतं.

आता पिचकाऱ्या. तुम्ही १८० मिली भरून पेटवत असणार. पाणी २० अंशांवरून १४० अंशांवर गेलं की जवळजवळ आठ टक्के फुगतं, १८० चे १९४ होतात. वाफेला जागाच नाही, मग पाणी रेग्युलेटरमधून (सिलिंडरकडे वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) सरळ सिलिंडरमध्ये. काठोकाठ भरून सिरिंजने ५० मिली काढून घ्या. १३० मिली राहिलं की गरम झाल्यावरही वर ४० मिली मोकळी जागा उरते.

थंड सिलिंडरमध्ये पहिल्या वाफेचं पाणी होणारच, ते वेगळं. रेग्युलेटर अगदी थोडा उघडून इंजिन हाताने मागेपुढे ढकलायचं, धुराड्यावर फडकं धरायचं. तुमचे स्लाइड व्हॉल्व्ह आहेत हे बरं, पाणी अडकलं तर व्हॉल्व्ह बैठकीवरून उचलला जातो आणि वाट देतो. पिस्टन व्हॉल्व्ह उचलला जात नाही, तिथे जोर केला की रॉड वाकतात.

जुना फिटर

तांबेकाम यांनी पाण्याचं सांगितलं ते सगळं खरं, पण आखडण्याचं कारण पाणी नाही. कारण प्रश्नातच लिहिलंय: टेफ्लॉनचा भरीव पिस्टन, "अगदी चपखल".

टेफ्लॉन पितळेच्या सहा-सात पट प्रसरण पावतं. १२ मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला की सिलिंडरच्या तुलनेत साधारण ०.१३ मिमी जाड होतो. हवेवर तो तापतच नाही, म्हणून तिथे दोष दिसत नाही. वाफेवर सिलिंडर पूर्ण तापायला तीन-चार मिनिटंच लागतात, तुमची वेळ बरोब्बर जुळते.

खात्री करायला इंजिन पेटवायची गरज नाही. एक सिलिंडर सोडवा, पिस्टनसकट उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, चिमट्याने काढून लगेच रॉड ओढून पाहा.

तेवढं प्रसरण धरून पिस्टन बारीक कातला तर गार असताना वाफ बाजूने सुटेल आणि इंजिन सुरूच होणार नाही. भरीव टेफ्लॉन इथे नकोच. पितळेचा किंवा गनमेटलचा पिस्टन, त्यावर खोबण आणि ओ-रिंग (गोल रबरी कडी).

निळी ज्योत

बर्नरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

किंचाळणं म्हणजे फ्लूमधली हवा आणि ज्योत एका सुरात थरथरतात. दुसऱ्या बॉयलरसाठी बनवलेला बर्नर आणला की हे होतं, विशेषतः हवा जास्त ओढली जात असेल तर. जेटच्या (गॅस सुटायच्या बारीक भोकाच्या) मागच्या हवेच्या भोकांवर पातळ पत्र्याची सरकती बाही चढवा आणि थोडी थोडी झाकत जा. आवाज बसला की थांबा. जास्त झाकलं तर ज्योत पिवळी होते आणि फ्लूत काजळी धरते. तरी आवाज राहिला तर बारीक स्टेनलेस जाळीची गुंडाळी बर्नरच्या नळीत सरकवा. थंड फ्लूत पहिला अर्धा मिनिट थोडी कुरकुर राहिली तर तिच्यामागे लागू नका.

ज्योत फ्लूऐवजी स्मोकबॉक्समध्ये (धुराड्याखालच्या कप्प्यात) जळते का तेही पाहा. तसं असेल तर गॅस जास्त सोडलाय. गॅसचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून धुराड्यापाशी पेटवा, ज्योत "फट्" करून मागे बर्नरवर गेली की मगच वाढवा. जेट तुंबला तर तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग काहीच जुळत नाही. जेट काढून उलट्या बाजूने गॅसचा फवारा मारा.

खरी काळजी मला ४० मिलीच्या टाकीची वाटते. थोडा हिशोब करा. दोन्ही सिलिंडर दुहेरी काम करणारे (वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते), एका फेऱ्याला ७.२ घन सेंमी वाफ. सेकंदाला दोन फेरे आणि सिलिंडरमध्ये एक बार धरला तर मिनिटाला एक ग्रॅम. थंड भिंतींवर पाणी होऊन जाणारं धरून अडीच ग्रॅम म्हणा. तेवढी वाफ करायला, फ्लूची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर, मिनिटाला ०.३५ ग्रॅम ब्युटेन लागतो. १३० मिली पाणी तापायला सुरुवातीची दहा मिनिटं. टाकी ८० टक्के भरली तर त्यात १८ ग्रॅमच्या वर गॅस, म्हणजे एकूण पन्नासेक मिनिटं आग. तोवर शंभरेक मिली पाणी उडालेलं आणि फ्लू उघडा पडलेला!

गॅस नेहमी पाण्याच्या आधी संपला पाहिजे. भरण्याआधी आणि भरल्यावर गॅसचा डबा काट्यावर ठेवा, वजन ११ ग्रॅमने उतरलं की थांबा. भरताना थोडा बाहेर सुटतो, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. भरायचं उघड्यावर, आसपास कुठलीही ज्योत नसताना.

रूळ३२

उकळत्या पाण्याची चाचणी केली. रॉड जागचा हलेना, गार पाण्यात घातल्यावर सुटला. पिस्टन ११.९८ मिमी भरतो. ओ-रिंग कुठल्या मापाची घेऊ?

दाबचाचणीसाठी सेफ्टी व्हॉल्व्ह काढला तेव्हा एक लक्षात आलं. व्हॉल्व्ह नवा आहे, एम६ × ०.७५ आट्यांचा. बुशात तो दोन-तीन आटे जातो आणि मग घट्ट होतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला होता, गळत नव्हता. चालेल ना?

तांबेकाम

अजिबात नाही! या धाग्यातली सगळ्यात घातक गोष्ट हीच.

बुश बहुधा पाव इंची, ३२ आट्यांचा आहे. त्याचा बाहेरचा व्यास ६.३५ मिमी आणि आट्यांमधलं अंतर ०.७९. तुमचा व्हॉल्व्ह ६ मिमी आणि ०.७५. अंतर जवळपास सारखं, म्हणून सुरुवातीला तो जातो. पण व्यास कमी असल्यामुळे आटे एकमेकांत अर्धेच शिरतात. "घट्ट झाला" म्हणजे दोन-तीन आट्यांनंतर अंतर चुकलं आणि ते एकमेकांवर चढले. टेपमुळे गळती लपली एवढंच. असा व्हॉल्व्ह दाबाखाली गोळीसारखा उडतो. आटे मोजण्याचा गेज लावून खात्री करा, कारण पाव इंचीत ४० आट्यांचे बुशही येतात.

उपाय म्हणजे ब्राँझच्या १० मिमी षटकोनी सळईतून एक अडॅप्टर: खाली बुशाचे आटे, किमान सहा पूर्ण, वर आतून एम६ × ०.७५. मधलं भोक व्हॉल्व्हच्या स्वतःच्या वाटेपेक्षा लहान नको, नाहीतर व्हॉल्व्ह उघडूनही दाब चढत राहील. खाली तांब्याचा वायसर. आधी बुशाचे आटे बिघडले नाहीत ना ते भिंगाखाली पाहा, बिघडले असतील तर बुशच बदलायला हवा.

पाण्याची चाचणी झाली की वाफेची: रेग्युलेटर बंद, बर्नर पूर्ण. व्हॉल्व्ह उघडल्यावर दाब ठरलेल्या दाबाच्या दहा टक्क्यांपेक्षा वर जाता कामा नये, तुमच्यासाठी ३.१ बार.

जुना फिटर

ओ-रिंग ९ × १.५ मिमी, व्हायटॉनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची). साधी नायट्राइल रबराची या तापमानाला कडक होऊन तडकते. पिस्टन ११.९० मिमी, खोबणीचा तळ ९.२ मिमी, रुंदी २ मिमी. त्यात रिंग पाच-सहा टक्केच दाबली जाते आणि छोट्या इंजिनाला तेवढीच झेपते. जास्त दाबली तर सगळा जोर घर्षणातच जातो. रिंग बसवताना सिलिंडरच्या तोंडाची धार मोडून घ्या, नाहीतर पहिल्याच झटक्यात तिची साल निघते.

टेपबद्दल तांबेकाम यांच्याशी थोडं वेगळं मत. बरोबर आट्यांवर टेपचा एक वेढा चालतो. पण रेग्युलेटरच्या पुढच्या जोडण्यांवर नको, तिचे धागे सुटून लुब्रिकेटरच्या (वाफेत तेल सोडणाऱ्या भांड्याच्या) भोकात जातात.

लुब्रिकेटरचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, पण पिस्टन बदलल्यावर पुढची तक्रार तिथलीच येईल. वाफेचं पाणी होऊन तळाशी बसतं आणि तेल वर ढकलतं, असं ते काम करतं. स्टीम सिलिंडर ऑइलच घाला, ४६० किंवा ६८० ग्रेडचं. मोटरचं तेल पाण्यात घुसळून धुऊन जातं. वाफेच्या नळीतलं भोक अर्ध्या मिमीच्या आसपास. मोठं असेल तर सगळं तेल पाच मिनिटांत धुराड्यातून बाहेर आणि नंतर सिलिंडर कोरडे. लुब्रिकेटर स्मोकबॉक्सला चिकटून बसवू नका, तापलेल्या भांड्यात पाणीच साठत नाही. प्रत्येक फेरीनंतर तळाचं पाणी काढा आणि तेल काठोकाठ भरा. पाणी निघालंच नाही तर भोक बंद आहे असं समजा.